चालत्या रिक्षातलं गाऱ्हाणं

धाकू घाडीगावकराला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. सिग्नल लागला की त्याची बोटं हँडलवर ताशा वाजवायला लागायची. स्टँडवर रिक्षा लावली की हा उतरणार, टायरला लाथ मारून बघणार, आरसा पुसणार, परत चढून बसणार आणि पुन्हा उतरणार. "तुमच्या पायाक देवान भिंगरीच बांधल्यान हा," असं त्याची बायको रत्नप्रभा म्हणायची आणि वर हात जोडायची.

त्यात त्याला मिळाला मोबाईल! मग काय विचारता. भिंगरी पायातून निघाली ती कानात जाऊन बसली.

धाकूचं घराणं घाडी. मालवणाकडच्या त्यांच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. गाऱ्हाणं म्हणजे एकाने खड्या आवाजात देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. बाप गिरणीत लागला म्हणून धाकू मुंबईत वाढला, मरोळच्या चाळीत. चाळ पाडून इमारत झाली तसा सातव्या मजल्यावर गेला. पण आवाज बापाचाच उतरला होता. गावची माणसं नाहूरपासून बोरिवलीपर्यंत विखुरलेली. कुणी नवा फ्लॅट घेतला, पोरगी दहावीला बसली, कुणाचा व्हिसा अडला, की आधी फोन धाकूला. पूर्वी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून जातीने जायचा. करोनात सगळे घरात कोंडले गेले तेव्हा गाऱ्हाणं फोनवर सुरू झालं. करोना गेला, फोनवरचं गाऱ्हाणं राहिलं. सोयीचं होतं ना! इकडे भाडं, तिकडे देव, दोघंही खूश.

कानात ब्लूटूथची चिमुकली गुंडी घालून धाकू रिक्षा हाकता हाकता देवाशी बोलायचा. कुणी हटकलं तर उत्तर तयार. "दोन्ही हात हँडलवर आहेत ना? मग झालं तर!"

हटकणाऱ्यांत पहिला नंबर उत्तराबाईंचा. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मरोळच्याच एका जुन्या सोसायटीत राहणाऱ्या. त्यांचे यजमान मार्तंडराव काचबिंदूने पुरते आंधळे झालेले. त्यांचं सगळं बाईच करायच्या, अगदी दाढीसुद्धा. मार्तंडरावांना न्हाव्याचा हात चालत नसे, नवा माणूस गालाला लागला की ते दचकायचे. दर बुधवारी मात्र बाई शेजारच्यांना घरात बसवून आरेतून गोरेगावला जायच्या, एकटीच राहणाऱ्या बहिणीकडे, मधुवंतीकडे. न्यायला-आणायला धाकू. इतक्या वर्षांचा हा शिरस्ता, की बाई मीटरकडे बघायच्याही नाहीत.

"धाकू, फोन ठेव ना बाबा," त्या मागून म्हणायच्या.

"एकच मिनिट, बाई."

"तुझं मिनिट गोरेगावपर्यंत पुरतं रे."

धाकू हसायचा. बाई पण हसायच्या. हसण्यावारी जात होतं ते असं.

त्या बुधवारी सुयोगची गाडी यायची होती. सुयोग गावचा पोरगा, नाहूरला राहणारा, घराण्यातली पहिली चारचाकी घेत होता. मुलुंडच्या शोरूममध्ये आई-बाप, बायको, शेजारीपाजारी सगळी हार-नारळ घेऊन उभी. धाकूने येतो म्हणून शब्द दिलेला आणि बाईंचा बुधवार साफ विसरलेला. मग ठरलं, मुहूर्त टळायच्या आत फोनवर उरकायचं. रिक्षा आरेत शिरली, झाडी लागली, आणि फोन वाजला.

"काका, ब्राह्मणाने सांगितलेली वेळ संपत आली यार! सुरू करा!"

"धाकू..." बाई मागून म्हणाल्या.

"एकच मिनिट, बाई. गाडीचं काम आहे, शुभ काम."

आणि धाकूने आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान, सुयोगान, नवी गाडी घेतल्यान हा रे म्हाराजा!"

कानात मुलुंड गरजलं, "व्हय म्हाराजा!"

"ही गाडी रस्त्याक लागतली, तेवा वाटेतला इघ्न वाटेतच मोडून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धाकू रंगात आला. रंगात आला की त्याला समोर देऊळ दिसायचं. आताही त्याला रस्ता दिसतच नव्हता. दिसत होती गावची ती काळी मूर्ती, समईचा उजेड, पुढे उभा असलेला बाप. उतार होता, वळण होतं, रिक्षा आपल्या वेगाने चालली होती. हात हँडलवरच होते. पण माणूस रिक्षात नव्हताच.

"ह्या गाडीत बसतली आणि ह्या गाडीसमोर येतली, सगळी माणसा सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

हे शेवटचं वाक्य. शेवटच्या वाक्याला घाड्याने डोळे मिटायचे, दोन्ही हात जोडायचे आणि कपाळाला लावायचे. लहानपणापासून अंगात मुरलेलं. धाकूने डोळे मिटले आणि हात जोडले.

हँडल सुटलं. पुढचं चाक खड्ड्यात आपटलं, वळलं, आणि रिक्षा डांबर सोडून डाव्या बाजूच्या चरात जाऊन कलंडली. बाईंनी समोरचा दांडा उजव्या हाताने गच्च धरला होता. सगळं अंग त्या एका हातावर आलं आणि तो मनगटात पिरगळून मोडला. हाड मोडल्याचा आवाज धाकूने ऐकला. त्याच वेळी कानात मुलुंडची मंडळी नारळ फोडून टाळ्या वाजवत होती.

दोन पोरं बाईक थांबवून धावत आली. "काय झालं काका?"

धाकूला स्वतःच्या ढोपरातलं रक्तही कळलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं. "कुत्रा! कुत्रा आडवा आला!"

बाई विव्हळत होत्या. त्यांनी एकदा मान वळवून धाकूकडे बघितलं.

पुढे सगळं भराभर झालं. दुसऱ्या एका रिक्षात घालून धाकूने बाईंना जवळच्या दवाखान्यात नेलं, स्वतःचा शर्ट फाडून हात बांधला, बोरिवलीला त्यांच्या मुलाला, मिहिरला, फोन केला. मिहिरने ओळखीच्या डॉक्टरांकडे, सांताक्रूझला हलवलं. ऑपरेशन झालं, मनगटात पट्टी आणि स्क्रू बसले. हवालदाराने विचारलं तेव्हा धाकूने पुन्हा कुत्रा सांगितला. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला बरं वाटत नाही, नंतर बघू. हवालदाराने खांदे उडवले. आरेत कुत्र्यांना काय तोटा!

आणि मिहिर! त्याने सगळ्यांदेखत धाकूचा हात हातात घेतला. "काका, तुम्ही होतात म्हणून आई वेळेत पोचली. दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. तुमचे उपकार विसरणार नाही."

धाकूला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

गावच्या ग्रुपवर तर कहरच झाला. सुयोगनेच टाकलं: 'धाकूकाकांची रिक्षा उलटली पण काका सलामत! गाऱ्हाण्याची पॉवर!' खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणा आजीने बोलून पाठवलं, देवान तुका राखल्यान रे बाबा. धाकूने ते ऐकलं आणि फोन पलंगावर फेकला. पुन्हा उचलला. पुन्हा फेकला. देवाने मला राखलं, मग बाईंना काय देवाने मोडलं? बाप हयात असता तर काय म्हणाला असता, ह्या विचारानेच त्याला घाम फुटायचा.

त्याला ताट समोर आलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं वाटे. गॅलरीत जाई, परत येई, नळ उघडे, बंद करी. रिक्षा गॅरेजमध्ये होती, म्हणून मरोळ नाक्यापर्यंत चालत जाई आणि तिथे काही काम नाही हे आठवलं की परत फिरे.

"अवो, कुत्रो मेलो काय?" रत्नप्रभाने एकदा विचारलं.

"कुठला कुत्रो?"

झालं! रत्नप्रभा पोळी लाटता लाटता थांबली. तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की धाकूने चपला अडकवल्या आणि थेट मार्तंडरावांचं घर गाठलं.

तिथे वेगळीच पंचाईत चालू होती. मिहिरने दिवसासाठी नर्सिंग ब्युरोची बाई ठेवली होती, माधुरी नावाची. ती जेवू-खाऊ घालायची, पण मार्तंडराव तिला गालाला हात लावू देईनात. दाढी वाढून खाजत होती आणि ते चिडचिडत होते. धाकूचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "धाकू, तू करशील? तुझा आवाज ओळखीचा आहे. आवाज ओळखीचा असला की मी दचकत नाही."

नाही कसं म्हणणार? धाकूने साबण लावला, पातं घेतलं आणि म्हाताऱ्याच्या गळ्याखालून हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. गळ्याची कातडी सैल, त्याखाली शीर उडताना दिसत होती. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. धाकूने ढुंकूनही बघितलं नाही. थांबून पुन्हा थरथरला. नाहीच बघितलं. मग त्याचा हात मध्येच थबकला. अरे, इथे मला कसं जमतं? हातात पातं आहे, समोर माणसाचा गळा आहे, म्हणून फोन मेला तरी चालेल. आणि रिक्षात बाई बसतात तेव्हा माझ्या हातात काय असतं, खुळखुळा? त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली, की पातं ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"झाली?" मार्तंडरावांनी विचारलं.

"अर्धीच, साहेब. येतो."

"सावकाश कर. तुला एक सांगू का? मुक्या जनावराला वाचवायला गेलास ना, ते मला फार आवडलं. उत्तराचा हात मोडला त्याचं दुःख आहेच. पण तू त्या कुत्र्यावर रिक्षा घातली नाहीस. मन मोठं लागतं त्याला."

धाकूने उरलेली दाढी कशी केली ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानंतर तो रोज जाऊ लागला. रोज मार्तंडराव कुत्र्याचं काही ना काही विचारत. काळा होता का? पिल्लू होतं? धाकू एकदा काळा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तांबडा. मार्तंडरावांनी त्यानंतर रंग विचारला नाही. सांगून टाकावं असं रोज ओठांवर यायचं. मग डोळ्यांपुढे बॅज यायचा, परमिट यायचं, रत्नप्रभा यायची. रिक्षा गेली तर खायचं काय, हा विचार आला की तो मुकाट साबण लावायला घ्यायचा.

बाईंना घरी आणायचा दिवस उजाडला. सामान उचलायला म्हणून मिहिरने धाकूला सोबत घेतलं. मिहिरच्या गाडीतून सांताक्रूझहून निघाले तेव्हा भर दुपार होती. बाई पुढच्या सीटवर, हात गळ्यात बांधलेला, सीटचा पट्टा त्यावरून जपून ओढलेला. धाकू मागे, पिशव्यांच्या मध्ये. बाईंनी त्याला फक्त 'आलास?' एवढं विचारलं होतं.

हायवेला लागले आणि मिहिरचा फोन सुरू झाला. डॅशबोर्डवरच्या स्टँडला लावलेला, ऑफिसचा. मिहिर बोलत होता, मध्येच अंगठ्याने काहीतरी लिहीत होता, मान वर, मान खाली. अंधेरीच्या पुलावर पुढे एक बाईक चालली होती. नवरा-बायको, मध्ये चिणून बसवलेली छोटी पोरगी, तिची रिबिनीची वेणी वाऱ्यावर उडत होती. बाईकचा लाल दिवा लागला. मिहिरची मान खाली होती.

"ब्रेक! दादा, ब्रेक!" धाकू जिवाच्या आकांताने ओरडला.

गाडी करकचून थांबली. बाईकचं मडगार्ड वीतभर पुढे. बाईंच्या तोंडातून वेदनेची किंकाळी बाहेर पडली. बाईकवाल्याने मागे वळून एक शिवी हासडली आणि तो निघून गेला. पोरगीला काही कळलंही नाही.

"सॉरी आई, सॉरी. लागलं का?" मिहिर घाबरला होता, पण फोनमधून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. गाडी पुढे सरकली आणि त्याचा हात पुन्हा स्टँडकडे गेला. "एकच मिनिट. एवढं सांगतो आणि ठेवतो."

एकच मिनिट! धाकूच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"ठेवू नका, बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा तो!"

"अहो काका, शांत व्हा. हात स्टिअरिंगवरच आहेत माझे..."

"माझे पण होते!" धाकूचा आवाज फाटला. "माझे पण हँडलवरच होते, दादा. कुत्रा बित्रा कोणी आला नव्हता. मी फोनवर होतो. गाऱ्हाणं घालत होतो. डोळे मिटले आणि हात जोडले. बाईंचा हात मी मोडला."

मिहिरने पूल उतरून गाडी कडेला घेतली. फोनमधला आवाज अजून बोलत होता. मिहिरचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काय म्हणालात? मी तुमचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते! रोज आमच्या घरात येता, बाबांच्या समोर बसता, आणि... उतरा. उतरा खाली. पोलिसांतच जातो मी."

"जा दादा. मी पण येतो. मी स्वतः सांगतो."

"तो उतरणार नाही," बाई म्हणाल्या.

"आई, तू ऐकलंस ना?"

"मला नवं काय आहे त्यात? मी मागेच बसले होते. सगळं गाऱ्हाणं ऐकलं. इतकं छान घालत होता, मी पण मनात 'होय महाराजा' म्हटलं." बाईंनी गळ्यातल्या हाताकडे बघितलं. "हा हात पहिल्यासारखा होणार नाही म्हणालेत डॉक्टर. मला ह्याचा राग आलाय मिहिर, असा राग की झोप लागत नाही. पण मी सांगितलं असतं तर हा काय म्हणाला असता? बाई म्हाताऱ्या, त्यांना काय दिसतं. म्हणून वाट बघत होते, हा स्वतः कधी तोंड उघडतो ती. उघडलं आज. पोलिसांचं तुम्ही दोघं उद्या बघा. आधी ह्याला घरी येऊ दे. तुझ्या बाबांना ह्यानेच सांगायचंय." आणि त्यांनी डावा हात पुढे केला. "तो फोन इकडे दे."

मिहिरने फोन काढून आईच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर पालथा घातला. मरोळपर्यंत तो पुनःपुन्हा वाजत राहिला.

मार्तंडराव दारातच खुर्चीवर बसले होते. बायकोची पावलं ओळखून उठले, चाचपडत तिचा खांदा शोधला, मग गळ्यातलं ते बांधलेलं मनगट. त्यावरून त्यांनी बोटं फिरवली, खूप वेळ. "आलीस," एवढंच म्हणाले. मग, "धाकू पण आहे ना? घाम येतोय त्याला, वास येतोय."

धाकू पुढे झाला.

"साहेब, तो कुत्रा... नव्हता. खोटं बोललो मी. फोनवर होतो."

मार्तंडरावांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं, पण ते थोडं बाजूला, भिंतीकडे झालं.

"मग तू बघत कुठे होतास?"

"कुठेच नाही, साहेब. डोळे मिटले होते मी."

"मिटले होतेस." म्हाताऱ्याने ते शब्द हळूच परत उच्चारले. मग त्यांचा आवाज चढला, आणि इतक्या वर्षांत धाकूने तो असा कधी ऐकला नव्हता. "अरे, माझे डोळे गेले म्हणून मी तिच्या हातावर जगतो. पाणी तिच्या हातून, घास तिच्या हातून. माझे नव्हते रे. तुझे तर होते ना?"

धाकूने मान हलवली. ती त्यांना दिसणार नव्हती, म्हणून त्याला तोंडाने म्हणावं लागलं.

"होते, साहेब."